पावणेदोन सेकंद

एक टाळी म्हणजे सुरुवात. दोन टाळ्या म्हणजे चूक झाली, मागचं वाक्य पुन्हा.

*

निळी डिस्क. तिच्या कोपऱ्यातला दिवा चौदा महिने लुकलुकत होता.

*

भिंतींना सात रजया, दाराला आठवी. दाराची रजई लेकीच्या लहानपणची, बदकांची.

*

"पुढे जाण्याआधी तुमचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा."

*

चारशे बारा.

*

"मी झोपत नव्हतो. डोळे मिटले की नीट ऐकू येतं. किती वेळा सांगायचं?"

*

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक नवव्या प्रकरणात, एका स्वल्पविरामापाशी थांबलं ते थांबलंच.

*

तर आता नीट सांगायचं म्हणजे असं. एक रेकॉर्डिस्ट होता आणि त्याची बायको पुस्तकं वाचायची. मोठ्याने वाचायची, अंध लोकांसाठी. एका संस्थेकडून पुस्तकं यायची, ही दोघं ती घरच्या घरी आवाजात उतरवून परत पाठवायची. एकवीस वर्षं हा उद्योग चालला.

स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली होती. तिथल्या भिंतींना रजया ठोकल्या, एका भिंतीत दुहेरी काच बसवली आणि तिचा स्टुडिओ झाला. ती आत, तो काचेबाहेर कॉम्प्युटरपाशी. त्याने रेकॉर्डिंग चालू केलं की आत लाल दिवा लागे. दिवा लागला रे लागला की ती म्हणे, "अहो झोपाळू, सुरू?" तो काचेवर टिचकी मारी. मग ती एक टाळी वाजवी आणि वाचायला लागे. चुकली की दोन टाळ्या. टाळीने पडद्यावर सुईसारखी उंच रेघ उमटते, त्यामुळे कुठे कापायचं ते न ऐकताही दिसतं.

कापायचं काम त्याचं. हाक कापायची, टाळ्या कापायच्या, पाणी प्यायल्याचा आवाज कापायचा, "अरे देवा, हा शब्द माणसाने उच्चारायचा कसा!" हे कापायचं, ठसका, हसू, "तुमचा कुकर झाला का बघा आधी" हे सगळं कापायचं. उरलेलं स्वच्छ पुस्तक संस्थेकडे जाई. थोडक्यात, एकवीस वर्षं तो आपल्या हाताने बायको कापून टाकत होता आणि वाचणारी तेवढी शिल्लक ठेवत होता.

पण कच्चं रेकॉर्डिंग पुसायचं नाही, असा तिचा दंडक. म्हणून चारशे बारा कच्च्या फायली कॉम्प्युटरमध्ये जशाच्या तशा होत्या. आणि वाचनाच्या दिवशी काम संपलं की ती स्वतः निळी डिस्क जोडायची, दिवसाचं काम तिच्यावर उतरवायची, डिस्क काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. "जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे," हे वाक्य मुळात त्याचंच. लोकांना ऐकवून ऐकवून त्याने त्यांचे कान किटवले होते.

एका सोमवारी दुपारी तिने डिस्क जोडली, "होतंय तोवर जरा पडते" म्हणाली, आणि त्या पडण्यातून ती उठली नाही.

त्यानंतर डिस्क काढायचं तो विसरला.

(टाळी, टाळी.)

विसरला नाही. केबल तिच्या हाताने खोचलेली होती. ती उपटायला त्याचा हात धजेना. तो डिस्कच्या भोवतीची धूळ पुसायचा, डिस्कला धक्का न लावता. चौदा महिने.

*

बायकोचा आवाज हवा असता तर संस्थेच्या कपाटात तो पोत्याने होता. पण तो आवाज सगळ्यांचा. त्याला हवा होता तो चहाबरोबर, सकाळी, रोज एका फायलीतून. कुठलीही उघडायची. "अहो झोपाळू, सुरू?" इथे थांबवायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी फाईल. प्रत्येक वेळची हाक निराळी. कधी घसा बसलेला, कधी आदल्या रात्रीचं भांडण त्यात उरलेलं, कधी नुसता लाड. उरलेला दिवस त्याला कुणी हाक मारत नसे. दूधवाला बेल वाजवायचा, लेक फोन करायची, "बाबा" म्हणायची. त्यापलीकडे त्याला नाव लागत नव्हतं.

अशात त्याने पक्ष्यांचं अर्धं पुस्तक निदान आहे तिथपर्यंत स्वच्छ करून संस्थेला द्यायचं मनावर घेतलं. त्या रेकॉर्डिंगमागे फ्रीजची घरघर होती. ती काढणाऱ्या सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. ते तिच्या नावावर होतं, नवं करायचं तर तिच्या फोनवर आकडा येणार आणि तो फोन तर बंद झालेला. कंपनीला कळवायचं म्हणजे एका अर्जात, एका चौकोनात, 'कारण' लिहायचं. ते त्याच्याने होईना. मग तेच सॉफ्टवेअर फुकट, कुलूप तोडलेलं, कुठेसं मिळालं. अँटिव्हायरस बंद करा म्हणाले, याने केला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आयुष्यात कधी विनातिकीट बसमध्ये चढला नाही, तो दुपारी तीन वाजता चोरीचा माल घरात घेऊन बसला.

कॉम्प्युटरचा पंखा मोठ्याने फिरू लागला. कान तयार असलेला माणूस; त्याने ते ऐकलं, पण वाटलं, काम जोरात चाललंय. मग टेबलावरची निळी डिस्क घुमू लागली. चौदा महिन्यांनी. आणि क्षणभर, खरंच क्षणभर, त्याला वाटलं की आतल्या खोलीतून येऊन ती दिवसाचं काम उतरवून घेतेय.

चारशे बारा फायली दोन्हीकडच्या उरकायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. प्रत्येक फायलीच्या नावाला चार अक्षरांची विचित्र शेपटी आली. एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: घाबरू नका, तुमच्या फायली सुखरूप आहेत, किल्ली आमच्याकडे आहे, बहात्तर तासांत लिहिलंत तर निम्म्यात देऊ. खाली ईमेलचा पत्ता. भाषा इतकी अदबशीर की त्याला संस्थेच्या पत्रांची आठवण झाली.

निळी डिस्क त्याने तेव्हा उपटली. हातात गरम लागली.

*

"हात लावू नका कशाला. बसा. रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, काका, इथे ओल चालत नाही."

ही डिस्कवाली. बाजाराच्या इमारतीत तळघरातलं तिचं दुकान, भिंग लावलेला दिवा, चुंबकी ताटलीत मोहरीएवढे स्क्रू. वय चाळिशीचं, बोलणं तिखट. मेलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो आणि प्रबंध काढून देणं हा तिचा धंदा.

"मी रडत नाहीये," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"छान. अजून कुणी रडलेलं नाही, माझ्या दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सर्दीच असते. नवीन काही टाकलंत? विंडोज पुन्हा चढवलंत?"

"नाही. सगळं बंद केलं, नेटची वायर काढली आणि उचलून आणलं."

"शहाणे आहात. निम्मे लोक घाबरून सगळं पुसून टाकतात आणि मग येतात. बॅकअप?"

त्याने निळी डिस्क पुढे केली.

"जोडलेली होती?"

त्याने मान डोलावली.

"रेकॉर्डिंगवाले ना तुम्ही? तुम्हाला मी सांगायचं?"

"मी विसरलो," तो म्हणाला. तिच्यापुढे दोन टाळ्या वाजवायची सोय नव्हती.

तिने एकेक दार ठोठावून पाहिलं. विंडोज जुन्या प्रती गुपचूप ठेवतं. व्हायरसने सगळ्यात आधी त्याच पुसल्या होत्या. पुसलेल्या फायली कधीकधी डिस्कच्या तळातून निघतात. पण याने फायली पुसल्या नव्हत्या, जागच्या जागी त्यांच्यावर गिरवलं होतं. मग तिने चिठ्ठी आणि एक बाधित फाईल एका साईटवर चढवली. असे व्हायरस ओळखणारे संशोधक सापडलेल्या किल्ल्या तिथे फुकट वाटतात.

"जात कळली," ती म्हणाली. "किल्ली नाही. तुमचं नेट चालू होतं ना? मग त्याने तुमच्यापुरती वेगळी किल्ली चोराकडून मागवून घेतली. नेट बंद असतं तर तो आपल्या खिशातली, सगळ्यांना लावतो ती एकच किल्ली लावतो, आणि ती सापडू शकते."

"फोडता नाही येत? कुलूप?"

"हे कुलूप म्हणजे गणित आहे, काका. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी तुमच्या माझ्या हयातीत नाही. फाईल एका किल्लीने कालवायची, ती किल्ली पेटीत घालायची, आणि पेटीची किल्ली चोराच्या खिशात. तुमच्याकडे पेटी आहे. चाटत बसा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, भरून टाकू ना आपण. मी पाठवते. आईचं आहे ते."

"ती बाई म्हणते, भरलं तरी देतीलच असं नाही. आणि दिलं की त्यांना पुढचा माणूस पकडायला बळ."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तुझ्याकडे आईचं काही आहे का गं? आवाज?"

लेकीने तिच्याकडचे सात निरोप पाठवले. पोहोचलीस का. जेवलीस का. छत्री विसरलीस बघ. एका निरोपात, "तुझे बाबा विचारतात." त्याने सातही दोनदा ऐकले. सगळे लेकीसाठी होते. मागे कुठेतरी त्याचा स्वतःचा खोकला होता.

संस्थेला फोन केला, तर तिथला कपाट सांभाळणारा म्हणाला, "अहो साहेब, कच्चं आमच्याकडे कुठून येणार? तुम्हीच तर इतकं निर्मळ करून पाठवायचात! नावाजलं जायचं तुमचं काम."

*

तिसऱ्या दिवशी डिस्कवालीनेच बोलावून घेतलं. तोंडावर लढाई जिंकल्यासारखा भाव.

"चोराला घाई असते, काका! मोठी फाईल अख्खी कालवायला वेळ लागतो, तेवढ्यात मालक वायर उपटतो. म्हणून हा प्रत्येक फायलीचं फक्त तोंड कालवतो. दीडशे किलोबाइट. पुस्तकाचं कव्हर आणि पहिलं पान फाडलं की लायब्ररीवाल्याला पुस्तक ओळखू येत नाही, तसं. पुढची पानं सगळी शाबूत. फोटो असता तर मेला असता. तुमचा आवाज आहे, कच्चा, न दाबलेला. वाचतो!"

"सगळा?"

"जवळजवळ सगळा. नवं तोंड बसवायचं, लांबीचा आकडा दुरुस्त करायचा, बस. जातं काय? मी हिशेब केला." तिने कागद पुढे सरकवला. "प्रत्येक फायलीचे पहिले पावणेदोन सेकंद. त्यात असतं काय! खाकरणं!"

रेकॉर्डिस्ट कागदाकडे बघत राहिला. दिवा लागला रे लागला की ती म्हणे. हाकेला लागे सव्वा सेकंद. मग त्याचं बोट काचेवर. मग टाळी.

"काका? चाळीस चाळीस मिनिटांतले पावणेदोन सेकंद. पेढे द्यायला पाहिजेत तुम्ही."

"हो," तो म्हणाला. "फार उपकार झाले."

"मग तोंड असं का?"

"सर्दी," तो म्हणाला.

तिने सांगितलं: नवं तोंड बसवायला एक निरोगी फाईल लागेल. त्याच मशीनवर, त्याच माइकने, तीच सेटिंग ठेवून केलेली. मशीनमध्ये तिने कोरी डिस्क घालून दिली. "दोन मिनिटं काहीही बोला. पाढे म्हणा."

*

घरी आल्यावर त्याने पाढे म्हटले नाहीत. आधी चोरांना पत्र लिहिलं.

बहात्तर तासांतला शेवटचा तास होता. फोनवर, एका बोटाने, तीनदा खोडून त्याने लिहिलं: मला सगळ्या फायली नकोत. एकच उघडून द्या. कुठलीही. तीसुद्धा पूर्ण नको, पहिले दोन सेकंद पुरे. म्हणाल ते देईन.

मिनिटभरात उत्तर आलं. त्याने घाईने उघडलं. हा पत्ता बंद आहे. पत्र पोहोचवता आलं नाही.

त्याला राग यायला हवा होता. पण आलं ते भलतंच. ज्यांना त्याच्या बायकोची हाक उघडता आली असती अशी जगात एवढीच माणसं होती, आणि तीही घर सोडून गेली होती.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फ्रीज बंद करून तो सामानाच्या खोलीत शिरला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. रजयांचा वास तसाच, जरा कोंदट. बाहेर बसून रेकॉर्डिंग चालू करायला कुणी नव्हतं, म्हणून बिनतारी कीबोर्ड मांडीवर घेऊन तो तिच्या खुर्चीत बसला. दार ओढून घेतलं. बदकं समोर आली.

काचेतून त्याची स्वतःची खुर्ची दिसत होती. एकवीस वर्षं तिला इथून काय दिसत होतं ते त्याने पहिल्यांदा पाहिलं. पाठ उंच असलेली खुर्ची, हेडफोन खुंटीला, मागच्या खिडकीचा उजेड थेट डोळ्यांवर. तिथे डोळे मिटून बसलेला माणूस इथून कसा दिसत असेल, हे त्याला आता कळलं. अगदी तसाच दिसत असणार.

त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि काही ठरवायच्या आत, रिकाम्या खुर्चीकडे बघत तो म्हणाला:

"मी झोपलो नाहीये."

मग दोन मिनिटं तो काहीच बोलला नाही. निरोगी फाईल तयार झाली.

*

डिस्कवालीने आठवड्याने दोन नव्या डिस्क हातात ठेवल्या.

"एक घरात, एक लेकीकडे. आणि जोडलेली?"

"एकही नाही."

"शाब्बास. आणि ही तुमची निळी, कुलूपबंद. फेकू नका. कधीतरी चोर पकडले जातात, किल्ल्या सापडतात. वर्ष लागेल, दहा लागतील, कदाचित कधीच नाही. पण फेकलेली डिस्क कुणालाच उघडता येत नाही." मग ती थोडी घुटमळली. भिंगाचा दिवा उगाच वरखाली केला. "एक सांगायचं होतं. तोंड बसवलं ते तुमच्या फायलीचं. म्हणजे आता प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला तुम्ही आहात. चारशे बारा वेळा. मी सगळ्यांची सुरुवात तपासायला ऐकली. तुम्ही म्हणता ते म्हणता, आणि लगेच एक टाळी." तिने दिवा बंद केला. "अकरा फायलींत टाळीआधी काहीतरी उरलंय. 'रू?' असं. बाईमाणसाचा आवाज."

"तिला कधीकधी उशीर व्हायचा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाणी पीत असायची."

"तुमचा आवाज काढून तिथे शांतता टाकू? पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू दे."

"काय म्हणायची हो त्या?"

तो तिच्या ताटलीतले स्क्रू मोजू लागला. तिखट बाई, पण घाई केली नाही तिने.

"हाक मारायची," तो म्हणाला.

तिने पुढे विचारलं नाही. नाक ओढलं. "सर्दी," म्हणाली.

*

निळी डिस्क त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवली, आणि डबा तिच्या खुर्चीवर.

सकाळी चहा घेऊन तो आपल्या जागी बसला. कानाला हेडफोन लावला. पहिली फाईल उघडली. आधी त्याचाच आवाज आला, म्हातारा, जरा रुसलेला: मी झोपलो नाहीये. त्यावर एक टाळी. मग ती वाचायला लागली. याआधी तो इथवर येतच नसे, हाकेनंतर थांबवायचा. आज थांबवायला काही नव्हतं, म्हणून वाचन चालू राहिलं. सहाव्या मिनिटाला दोन टाळ्या. "अरे देवा, हा शब्द माणसाने उच्चारायचा कसा!" बाविसाव्या मिनिटाला कुकर. एकेचाळिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "दमले. बास आता," आणि फाईल संपली.

चहा निवून गेला होता. त्याने दुसरी उघडली.

महिन्याभरात त्याने नव्वद ऐकल्या. ती हाक मधे कुठे निसटून आली असेल, या आशेने. ती मधे 'अहो' म्हणायची, 'ऐकलंत का' म्हणायची, एकदा रागात 'महाशय' म्हणाली. झोपाळू मधे कुठेच नाही. अजून तीनशे बावीस राहिल्या आहेत. रोज सकाळी तो तीच तक्रार ऐकतो, मी झोपलो नाहीये, आणि न चुकता काचेवर टिचकी मारतो, टाळीच्या जरा आधी.

बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या दिवशी, त्याला खरंच झोप लागली होती.